ओघळाचा माग

मोटार विम्याच्या सर्व्हेअरला ज्या गाड्यांचं काम नकोसं वाटतं, त्यांत कचऱ्याची गाडी पहिली. ट्रकनं ट्रकला ठोकलं तर दोन्ही मालक भांडायला जागेवर असतात. कारनं कारला घासलं तर दोघांच्याही मोबाइलमध्ये फोटो असतात. कचऱ्याची गाडी पहाटे येते, घासून किंवा सांडून पुढच्या गल्लीत जाते, आणि तिनं काय केलं ते दूध आणायला खाली उतरलेल्या माणसाला दिसतं. तोवर ओघळ अर्धा वाळलेला असतो, त्यावरून बाकीच्या गाड्या गेलेल्या असतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुन्हेगार ठरलेला असतो: ड्रायव्हर. तो प्यालेला असणार, हेही ठरलेलं असतं.

या धंद्यात माझे केस पिकले. राहायला पुण्यात, पण काम साताऱ्या-सांगलीपासून नाशिकपर्यंत कुठंही. ५०,००० रुपयांवरच्या मोटार क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. त्याखालची कामं विमा कंपनी आपला माणूस पाठवून किंवा नुसत्या फोटोंवर उरकते. म्हणजे घासलेलं दार आणि मोडलेला आरसा माझ्यापर्यंत पोचायचं खरं तर कारण नाही. तरी पोचतात, कारण ओळखीतलं कुणीतरी सांगतं, "ते काका बघून सांगतात, कुठली गाडी होती ते." मग मी टेप, खडू, टॉर्च आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन जातो. वर्तमानपत्र कशाला, ते पुढे येईलच.

घासण्याचं काम त्यातल्या त्यात सोपं. लोक ओरखड्याचे वीस फोटो काढतात, पण त्याची जमिनीपासूनची उंची कुणी मोजत नाही. आणि निम्मी साक्ष त्या उंचीतच असते. गाडी सकाळी रिकामी येते तेव्हा स्प्रिंगच्या पाट्यांवर उंच उभी असते. भरली की मागून दोन-तीन इंच खाली बसते. त्यामुळे एकाच गाडीचा एकच कोपरा जाताना दाराच्या हँडलपाशी लागेल आणि येताना हँडलच्या खाली. नंतर बघायची दिशा. प्लॅस्टिकच्या बंपरवर ओरखडा जिथं संपतो तिथं खरवडलेल्या प्लॅस्टिकची बारीक गुंडाळी साचते. बोट फिरवलं तरी कळतं. कैक वेळा त्या गुंडाळीवरूनच दिसतं, की कचऱ्याची गाडी पुढे जात होती आणि हा ओरखडा मात्र रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या कुणाचा तरी आहे. बहुतेकदा शेजारच्याच पार्किंगमधल्याचा. तो शेजारी तक्रारीवर सही करणाऱ्यांत असतो, हे आता मला नवीन राहिलेलं नाही.

खरी गंमत शेपटाची. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे लटकणारा भाग पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपर्यंत असू शकतो. कॉम्पॅक्टरचा, म्हणजे कचरा दाबून भरणाऱ्या गाडीचा, सगळा बोजड संसार त्याच भागात: कचरा टाकायचं तोंड, दाबायची प्लेट, जॅक, उघडणारं मागचं दार. ड्रायव्हर गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळतो, तेव्हा तो बघत असतो डावीकडे, कारण तिथं नाका, टपरी, म्हातारी माणसं. त्याच क्षणी गाडीचं शेपूट उजवीकडे फूटभर बाहेर जातं आणि उजव्या कडेला उभ्या कारचा आरसा घेऊन येतं. ड्रायव्हरला आवाजही येत नाही. मागे प्लेट दाबण्याचा खडखडाट चालू असतो. "पळून गेला" असं तक्रारीत लिहिलेलं असतं. त्याला माहीतच नसतं, तर पळणार कशाला? मी हे सांगतो तेव्हा माणसं माझ्याकडे अशी बघतात, जणू मी ठेकेदाराकडून पाकीट घेऊन आलोय.

आता सांडण्याबद्दल.

कचऱ्याच्या गाडीतून रस्त्यावर पडणारे द्रव तीन. कचऱ्याचं पाणी, हायड्रॉलिक ऑइल (ज्याच्या दाबावर जॅक आणि प्लेट चालतात ते) आणि डिझेल. तक्रारीत तिन्हींना "घाण ऑइल" म्हटलेलं असतं. डागावर वर्तमानपत्राचा तुकडा दाबायचा आणि तासभर सुकू द्यायचा. ऑइल असेल तर कागद पारदर्शक होतो आणि तसाच राहतो. पाणी असेल तर सुकून कडक, तपकिरी होतो. डिझेल नाकाला कळतंच, शिवाय ते डांबर मऊ करतं. चप्पल टेकवली की खडी हलते. इंजिनाचं ऑइल काळं असतं. हायड्रॉलिकचं, ज्याला गॅरेजवाले "अडुसष्ट नंबर" म्हणतात, ते मधाच्या रंगाचं. कचऱ्याच्या पाण्याला कुठल्याही परीक्षेची गरज नाही, माश्या आधी पोचलेल्या असतात.

हे पाणी येतं कुठून, हा प्रश्न मला वाटतं प्रत्येक तक्रारदारानं एकदा स्वतःच्या ओट्याजवळच्या बादलीकडे बघून विचारावा. कचरा गाडीतच दाबून भरायची कल्पना अमेरिकेतली; गार वुड कंपनीचा 'लोड पॅकर' १९३८ चा. तिथला कचरा कागद, खोकी, डबे असा बराचसा सुका. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला: भाजीची देठं, आमटीचा तळ, कलिंगडाच्या साली, चहाचा चोथा. चक्क्यासाठी दही फडक्यात बांधून पिळावं, तशी ती प्लेट हे सगळं पिळते. निघालेलं पाणी मागच्या तोंडाखालच्या टाकीत साचतं. टाकीला खाली कॉक. मागच्या दाराला चहूबाजूंनी रबराची पट्टी, दार बंद झालं की ती दाबली जाऊन पाणी अडावं म्हणून. ही पट्टी या गाडीतला सगळ्यात स्वस्त भाग असेल आणि माझ्या अनुभवात सगळ्यात दुर्लक्षित. एखादी सळई, फुटकी फरशी किंवा नारळाची करवंटी दारात अडकते, पट्टी एका कोपऱ्यात चिरते, आणि मग ती गाडी महिनोन् महिने शहरभर रेघ ओढत हिंडते.

हे पाणी नुसतं घाण नसतं, आंबटही असतं. ताजा ओला कचरा आंबला की त्यात लॅक्टिक, अ‍ॅसिटिक अशी आम्लं तयार होतात. जुन्या सोसायट्यांच्या आवारात शहाबादी फरशी असते. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आणि चुनखडीला आम्ल खपत नाही. गाडी रोज एकाच जागी उभी राहत असेल तर तिथल्या फरश्यांची झिलई जाते, पृष्ठभाग बोटाला पिठूळ लागतो. एका सोसायटीत असा एक पट्टा होता. तीन फरश्या रुंद, बरोब्बर मागच्या दाराच्या मापाचा. सफाईवाल्या मावशींनी त्यावर आधी फिनेल आणि मग टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड ओतून ओतून घासलं होतं. म्हणजे गाडीनं जे सावकाश चालवलं होतं, ते सोसायटीनं जोरात पुरं केलं. नुकसानभरपाईच्या पत्रात अर्थातच सगळ्या फरश्या ठेकेदाराच्या नावावर.

थेंबांचा माग काढण्यात मला अजूनही रस वाटतो. उभ्या गाडीतून पडलेला थेंब गोल असतो. चालत्या गाडीतून पडलेल्या थेंबाला शेपूट फुटतं आणि ते गाडी ज्या दिशेला चालली त्या दिशेला असतं. चढावर रेघ जाड होते, कारण टाकी मागे आहे आणि पाणी मागे धावतं. गतिरोधकाच्या पुढे हातभर अंतरावर शिंतोड्यांचा पंखा दिसतो. टाकीतलं पाणी तिथं हिंदकळलेलं असतं. खडूनं खुणा करत असं चालत गेलं की गाडी कुठं थांबली, कुठं वळली, सगळं रस्त्यावर वाचता येतं. लोक खिडकीतून बघतात, मूल विचारतं, "ते आजोबा काय काढताहेत?"

शेपटांच्या दिशेनं मला एक गोष्ट शिकवली, जी कुठल्याही तक्रारीत नव्हती. एका शहरात (नाव मुद्दाम घेत नाही) डेपोकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या दुकानदारांची तक्रार होती की गाड्या दारात पाणी सांडत जातात. मी थेंब बघितले तर जाड रेघेची शेपटं सगळी शहराकडे. म्हणजे सांडत होत्या त्या परतणाऱ्या, रिकाम्या गाड्या. रिकाम्या गाडीत एवढं पाणी कसं? एका हेल्परनं सांगितलं तेव्हा उजेड पडला. तिथं ठेका टनावर होता. गाडी डेपोच्या काट्यावर चढते, वजन होतं, त्या वजनाचे पैसे. पाण्यालाही वजन असतं. काट्याआधी कॉक उघडून पाणी सोडणं म्हणजे पैसे गटारात सोडणं. मग कचरा ओतायचा आणि टाकी तशीच भरलेली घेऊन निघायचं, कारण डेपोत पाणी सोडायची जागा लांब होती आणि तिथं रांग. पुढची फेरी गाठायची तर वाटेत कॉक सैल केला की काम झालं. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरा झाकलेल्या गाडीतून न्यायचा असं स्पष्ट होतं, आणि त्या गाड्या वरून अगदी व्यवस्थित झाकलेल्या होत्या.

अंतरही लांबत गेलंय, हे विसरून चालत नाही. पुण्याचा कचरा एकेकाळी कोथरूडला जायचा. आज त्या जागेवर वनाजचा मेट्रो डेपो आहे, तरी जुनी माणसं अजून "कचरा डेपो" म्हणूनच रिक्षा करतात. नंतर शहर कचरा घेऊन उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे गेलं. तिथल्या लोकांनी विहिरींचं पाणी बिघडल्याचं सांगत गाड्या अडवल्या, आंदोलनं केली. शहरातल्या माणसाला आपल्या गेटपुढचा वीतभर ओघळ दिसतो आणि तो दिसावाही. पण त्या ओघळाचं दुसरं टोक कुणाच्या तरी विहिरीपाशी असतं, आणि तिथं सर्व्हेअर बोलावला जात नाही.

ऑइलचं प्रकरण मात्र गमतीचं नसतं. एका पावसाळी सकाळी एका वळणावर स्कूटरवरच्या ताई घसरल्या, कोपर सोललं, स्कूटरचं हेडलाइटचं घर फुटलं. मागोमाग आणखी दोघं आडवे झाले. कुणीतरी अग्निशमन दलाला वर्दी दिली. जवान आले, त्यांनी माती टाकली, पाण्याचा फवारा मारला, रस्ता मोकळा केला. बरोबरच केलं, पण मी पोचलो तोवर पुरावा गटारातून वाहून गेलेला. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, "आमची गाडी नाही, साहेब. रात्री टँकर जातात इथून."

इथं हायड्रॉलिकचा स्वभाव कामाला आला. या गाडीतली नळी दाबात कधी असते? प्लेट चालू असताना. गाडी नुसती धावत असते तेव्हा जॅककडे जाणाऱ्या नळीत फारसा जोर नसतो. म्हणजे नळी गळत असेल तर ऑइल सांडणार ते कचरा उचलायच्या जागी, मधल्या रस्त्यावर जवळजवळ नाहीच. टँकर किंवा ट्रक इंजिनातून गळत असता तर सलग रेघ दिसली असती. मी त्या वळणापासून मागे चालत गेलो. शाळेच्या भिंतीशी कचरा गोळा करायची जागा होती, तिथं ताटाएवढा मधाळ डाग. मध्ये रस्ता स्वच्छ. भाजी मंडईच्या मागे पुन्हा डाग, थोडा लहान. त्याच्याही मागे, मंगल कार्यालयाच्या फाटकाशी, वाटीएवढा. गाडीच्या मार्गाच्या क्रमानं डाग मोठे होत गेलेले. वळणाजवळच्या शेवटच्या जागी नळी फुटली होती. पुढचं सांगायला टँकरची गरज उरली नाही.

ड्रायव्हर भेटला तो दुपारी, गाड्या लावायच्या मैदानात, टायरवर बसून डबा खात होता. चाळिशीचा, बोलायला शांत. म्हणाला, "पाइप आठ दिवस पाझरत होता, साहेब. मी ग्रुपवर फोटो टाकलाय." मोबाइल काढून दाखवला. फोटो होता, खाली सुपरवायझरचा अंगठा होता. फक्त अंगठा. "गाडी उभी केली तर फेरी बुडते. फेरी बुडली की दंड लागतो, तो आमच्याच पगारातनं जातो." मी विचारलं, ताईंच्या स्कूटरचे पैसे कोण देणार? तर ते त्यानं आधीच दिले होते. गॅरेजवाल्याशी बोलून, महिन्याला थोडे थोडे असे ठरवून. "मिटवून टाकलं. पोलीस नकोत."

हे मिटवून टाकणं हीच इथली खरी विमा योजना. कागदावरची निराळी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीपोटी सक्तीच्या विम्याची मर्यादा ठेवली होती ६,००० रुपये. अशा गाड्यांच्या पॉलिसीत एरवी साडेसात लाखांपर्यंतचं कव्हर मिळतं, पण हप्त्यात थोडी सूट घेऊन मालकाला ते ६,००० वर आणून ठेवता येतं. आणि समोरच्याकडून वसूल करायचं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं. मोडक्या आरशासाठी वकील कोण लावणार? मग माणूस स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम टाकतो आणि पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, जातो, जो वर्षावर्षानं चढत २० पासून ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. हिशेब करून बघितला तर बऱ्याचदा गप्प बसणं स्वस्त पडतं. गप्प बसायचं नसेल तर ड्रायव्हरला गाठायचं. तो रोज दारात येतो, त्याचा चेहरा माहीत असतो, त्याच्याकडे वकील नसतो.

त्या प्रकरणाच्या रिपोर्टात मी ग्रुपवरच्या फोटोची तारीख लिहिली आणि अंगठ्याचीही. रिपोर्ट ताईंच्या हातात दिला. त्यांनी ड्रायव्हरचे उरलेले हप्ते सोडून दिले आणि ठेकेदाराला नोटीस पाठवली. उत्तर आलेलं नाही. नळी मात्र बदलली, असं ड्रायव्हर म्हणाला.

वजनानं होणाऱ्या नुकसानीबद्दल लोक सहसा बोलत नाहीत, कारण ते एका दिवसात होत नाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान इलिनॉयमधल्या ऑटावाजवळ रस्त्यांची मोठी चाचणी झाली होती. तिच्यातून निघालेला ढोबळ आडाखा असा की रस्त्याची झीज अ‍ॅक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. अर्ध्या टनाच्या अ‍ॅक्सलची छोटी कार आणि दहा टनांचा अ‍ॅक्सल असलेली भरलेली गाडी यांची तुलना करा: वजन वीसपट, झीज १,६०,००० पट. तुमच्या आवारातले पेव्हर ब्लॉक खचले असतील तर इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या कारचा हिशेब लावायची गरज नाही. आणि चेंबरचं झाकण फुटलं असेल तर आधी त्याचे तुकडे जुळवून वरची अक्षरं वाचा. एलडी-२.५ असं दिसलं तर ते झाकण अडीच टनांचं, म्हणजे माणसांच्या आणि सायकलींच्या वाटेवरचं. गाडीरस्त्याला एचडी-२०, फार तर अवजड वाहतुकीला ईएचडी-३५. बिल्डरनं कुठलं बसवलं, कमिटीनं बदलताना कुठलं स्वस्त पडलं, ते तुकड्यावर लिहिलेलं असतं.

गेल्या हिवाळ्यात एका सोसायटीनं बोलावलं. गेटचा उजवा खांब कॉम्पॅक्टरनं पाडला होता, ग्रॅनाइटसकट. या वेळी सीसीटीव्ही होता, गाडी स्पष्ट दिसत होती, शेपूट कसं फिरलं तेही. चेअरमनकाका खुशीत होते. इस्टिमेट तयार, ठेकेदाराकडून पैसे काढायचेच असा निश्चय, चहाबरोबर बाकरवडी. मी टेप लावला. गाडी कायद्यानं जास्तीत जास्त २.६ मीटर रुंद असते, ही त्याच्या आतच होती. मग गेट मोजलं आणि कमिटीच्या कपाटातून मंजूर नकाशा मागवला. नकाशातल्या गेटपेक्षा जागेवरचं गेट जवळजवळ दोन फूट अरुंद. वॉचमनची केबिन मोठी करताना खांब आत सरकवला होता, शिवाय त्याला लागून तुळशीवृंदावनासारखी एक शोभेची कुंडी बांधली होती. अग्निशमनाची गाडी आत यावी म्हणून जी रुंदी सोडायची अट होती, त्यातलीच ती दोन फुटं.

काकांनी नकाशा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"साहेब, रिपोर्टात रुंदी लिहायलाच हवी का?"

मी लिहिली. सोसायटीनं भरपाईची मागणी मागे घेतली आणि खांब स्वतःच्या खर्चानं पुन्हा बांधला, त्याच जागी. या वेळी ग्रॅनाइट जरा भारीतलं लावलंय.